किमान २० जीबी

आमच्या होस्टेलच्या डीसीवर यायचं तर किमान २० जीबी शेअर करावं लागायचं. डीसी म्हणजे डीसी प्लस प्लस. २०१७ नंतर इंजिनिअरिंगला गेलेल्यांना हे नाव कदाचित माहीत नसेल, म्हणून आधी थोडं सांगतो.

प्रत्येक खोलीत लॅनची एक वायर यायची. तिच्यातून येणारं इंटरनेट कासवाच्या चालीचं, आणि संध्याकाळी तर अख्खं होस्टेल त्याच्यावर तुटून पडलेलं. पण हीच वायर खोल्याही एकमेकींना जोडायची, आणि तिथे वेग भन्नाट होता. ७०० एमबीचा सिनेमा बी विंगमधून डी विंगमध्ये मिनिटभरात पोचायचा. फायनल इयरचा कुणीतरी आपल्या जुन्या पीसीवर 'हब' चालवायचा. आपण हबला जोडून घ्यायचं, आपलं एखादं फोल्डर सगळ्यांसाठी उघडं ठेवायचं, आणि बदल्यात चारशे जणांची उघडी फोल्डरं बघायची. सिनेमे, मालिका, गेम्स, मागच्या दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका, सीनियर्सचे प्रोजेक्ट रिपोर्ट. यातलं बरंचसं कायद्याच्या भाषेत चोरीचं होतं, हे आधीच कबूल करतो. त्याबद्दल पुढे बोलू.

२०१४ साली मी फर्स्ट इयरला आलो तेव्हा माझ्या लॅपटॉपवर शेअर करण्यासारखं जेमतेम ११ जीबी होतं. ते वर्ष मी रूममेटच्या जिवावर काढलं. दुसऱ्या वर्षी दिवाळीला घरी गेलो आणि येताना उरलेले ९ जीबी घेऊन आलो. पण ते सिनेमे नव्हते.

माझे आजोबा, आबा, सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या भजनी मंडळात गायचे. काकांनी १९९०च्या आसपास टू-इन-वनवर त्यांच्या चौदा कॅसेट भरून ठेवल्या होत्या. एकादशीच्या रात्रीचं भजन, पखवाज, टाळ, मधेच कुणाचं तरी खोकणं, आणि एका कॅसेटमध्ये ऐन रंगात आलेल्या अभंगात गोठ्यातली म्हैस हंबरते. आबा २०११ मध्ये गेले. त्या दिवाळीत मी टेपच्या इअरफोनच्या भोकातून लॅपटॉपमध्ये वायर टाकून चौदाच्या चौदा कॅसेट उतरवून घेतल्या. एमपी३ केल्या असत्या तर जेमतेम ८०० एमबी झालं असतं. मी मुद्दाम वेव्ह फाइलीच ठेवल्या. एक कॅसेट ६०० एमबीच्या वर. चौदांचे जवळजवळ ९ जीबी. कोटा पूर्ण!

म्हणजे आबांची भजनं ही माझी डीसीची प्रवेश फी होती.

पुढे २०१९ मध्ये माझी हार्ड डिस्क गेली. बॅकअप नव्हता. इंजिनिअरकडे बॅकअप नसतो, हा आमच्या व्यवसायातला जुना विनोद आहे. गावी फोन केला तर काका म्हणाले, "अरे, घराचं काम काढलं तेव्हा त्या कॅसेट टाकल्या की. बुरशी लागली होती. तू कॉम्प्युटरवर घेतल्यास ना?"

काही वर्षं मी हा विषय मनातून काढून टाकला होता. मग ५ मे २०२५ ला स्काइप बंद झालं. ऑफिसमध्ये सगळे त्याच्या रिंगटोनच्या आठवणी काढत होते, आणि मला वेगळंच काही आठवत होतं. फाइल शेअरिंगच्या जुन्या नेटवर्कांपैकी एकाचा शेवटचा नामांकित वारस आज गेला. मग त्याची बाकीची भावंडं कुठे आहेत? त्या रात्रीपासून शोधत गेलो. हा लेख त्या शोधाचा आहे.

यादी एकाकडे, माल सगळ्यांकडे

सुरुवात नॅपस्टरपासून करावी लागते. शॉन फॅनिंग हा बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातला १८ वर्षांचा विद्यार्थी. जून १९९९ मध्ये त्याने नॅपस्टर आणलं. कल्पना साधी होती. गाणी लोकांच्या कॉम्प्युटरवरच राहतील. नॅपस्टरचा सर्व्हर फक्त 'कुणाकडे काय आहे' याची यादी ठेवेल. तुम्ही यादीत शोधायचं, आणि गाणं थेट त्या माणसाकडून घ्यायचं.

डिसेंबर १९९९ मध्येच अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांच्या संघटनेने दावा लावला. पुढच्या एप्रिलमध्ये मेटॅलिका हा बँड कोर्टात गेला आणि त्यांची गाणी वाटणाऱ्या तीन लाखांवर वापरकर्त्यांची यादी नॅपस्टरच्या कचेरीत नेऊन दिली. नॅपस्टरचं म्हणणं होतं की आम्ही तर एकही गाणं साठवत नाही. कोर्टाचं म्हणणं, यादी तुमच्याकडे आहे ना? मग काय चाललंय ते तुम्हाला कळतं आणि ते थांबवणंही तुमच्या हातात आहे. जुलै २००१ मध्ये सर्व्हर बंद झाला. यादी गेली आणि कोट्यवधी कॉम्प्युटरवर गाणी जिथल्या तिथे असूनही कुणाला कुणी सापडेना.

नॅपस्टर आज आहे का? नाव आहे. दिवाळखोरीनंतर ते रॉक्सिओने घेतलं, मग बेस्ट बायने, मग ऱ्हॅप्सडीने, आणि असं हात बदलत २०२५ मध्ये इन्फिनिट रिॲलिटी नावाच्या कंपनीने २० कोटी ७० लाख डॉलरला विकत घेतलं. फॅनिंगने लिहिलेल्यातलं त्यात काही उरलेलं नाही. गावाकडे जुना वाडा पडतो आणि जागेवर उभ्या राहिलेल्या मंगल कार्यालयाला वाड्याचं नाव देतात, तसं.

म्हैस हरवली तर

नॅपस्टरवरून पुढच्यांनी धडा घेतला, की यादी एका जागी ठेवायची नाही. मार्च २००० मध्ये जस्टिन फ्रँकेल आणि टॉम पेपर या नलसॉफ्टच्या दोघांनी नूटेला प्रसिद्ध केलं. नलसॉफ्ट म्हणजे विनॲम्पवाले, आणि तेव्हा ती कंपनी एओएलच्या मालकीची होती. एओएलने दुसऱ्याच दिवशी ते उतरवायला लावलं. पण तोवर हजारो लोकांनी उतरवून घेतलं होतं. त्यांनी प्रोग्राम उलगडून त्याची बोली शिकून घेतली आणि त्या बोलीत बोलणारे स्वतःचे प्रोग्राम लिहिले.

नूटेलात मध्यवर्ती सर्व्हर नव्हता. गावात म्हैस हरवली की आपण शेजाऱ्याला विचारतो, शेजारी त्याच्या शेजाऱ्याला, तशी ही शोधायची रीत. प्रश्न किती घरं पुढे जायचा यालाही मर्यादा होती, साधारणपणे सात. गाव लहान असेपर्यंत हे छान चालतं. गाव लाखोंचं झालं की प्रत्येक जण दिवसभर दुसऱ्यांच्या म्हशींचीच चौकशी करत बसतो. तेव्हाच्या मंद मोडेमवर असलेली यंत्रं इतरांचे प्रश्न पुढे ढकलण्यातच दमून जायची.

याच जाळ्यावर लाइमवायर उभं राहिलं आणि दहा वर्षं चाललं. २६ ऑक्टोबर २०१० ला न्यूयॉर्कच्या कोर्टाने ते थांबवलं, आणि पुढच्या मेमध्ये साडेदहा कोटी डॉलरवर तडजोड झाली. इथेही नाव विकलं गेलं. २०२२ मध्ये नव्या मालकांनी लाइमवायरच्या नावाने एनएफटीचा बाजार उघडला आणि नंतर एआय आणलं.

पण नूटेला हे जाळं स्वतः कुणाच्या मालकीचं नव्हतं, त्यामुळे ते विकता आलं नाही आणि बंदही करता आलं नाही. जीटीके-नूटेला नावाचा एक मुक्त प्रोग्राम आजही काही हौशी लोक सांभाळतात. मी तो चालवून पाहिला. जाळं सापडलं. शोध टाकला, उत्तरं तुरळक आली. बाजार उठल्यावर मैदानात दोनचार दुकानं राहतात, तसं वाटलं.

मोठी घरं आणि स्काइप

मग आलं कझा. नीक्लास सेनस्ट्रोम हा स्वीडिश, यानूस फ्रीस हा डॅनिश, आणि प्रोग्राम लिहिणारे एस्टोनियाचे. २००१ मध्ये त्यांनी नूटेलाच्या दुखण्यावर औषध काढलं. सगळ्यांनी सगळ्यांना विचारायचं नाही. ज्याचं इंटरनेट चांगलं आणि कॉम्प्युटर दणकट, त्याला जाळं आपोआप 'सुपरनोड' करायचं. आसपासच्या लहान यंत्रांची यादी त्याने ठेवायची, आणि चौकशी सुपरनोडांनी आपसात करायची. गावकीपेक्षा पंचायत बरी, असा हिशोब.

कझावर व्हायरसचा सुळसुळाट होता, नाव एका गाण्याचं आणि आत भलतंच काही, हेही रोजचं होतं. सप्टेंबर २००३ पासून अमेरिकेतल्या संगीत कंपन्यांनी थेट वापरणाऱ्यांवर दावे लावायला सुरुवात केली. पहिल्याच फेरीत न्यूयॉर्कची एक १२ वर्षांची मुलगी सापडली. तिच्या आईने २,००० डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. दुसऱ्या एका बाईला २४ गाण्यांसाठी अखेर २,२२,००० डॉलरचा दंड झाला. २००५ मध्ये ग्रॉक्स्टर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं, की लोकांनी चोरी करावी म्हणून उत्तेजन देत तुम्ही प्रोग्राम वाटत असाल, तर चोरीला तुम्हीही जबाबदार. २००६ मध्ये कझाने १० कोटी डॉलरहून जास्त भरून तडजोड केली.

पण कझाच्या मूळ जोडगोळीने २००२ मध्येच ते विकलं होतं. तेच दोघे आणि तेच एस्टोनियन प्रोग्रामर २००३ मध्ये नवं काही घेऊन आले. सुपरनोडांची तीच पद्धत, फक्त फाइलींच्या जागी आवाज. ते स्काइप. पुण्यातल्या कितीतरी आजी-आजोबांनी न्यू जर्सीतलं नातवंड पहिल्यांदा स्काइपवर पाहिलं. तो कॉल जोडायला मदत कदाचित भलत्याच शहरातल्या अनोळखी माणसाचा कॉम्प्युटर करत असायचा, आणि त्या माणसाला त्याचा पत्ताही नसायचा. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने स्काइप ८५० कोटी डॉलरला घेतलं आणि पुढे सुपरनोड आपल्या सर्व्हरांवर हलवले. स्काइप बंद झालं २०२५ मध्ये, पण त्यातली लोकांच्या यंत्रांवर उभी असलेली पंचायत त्याच्या कितीतरी आधी मोडली होती.

गणित उरलं

जेड मॅकेलेबच्या ईडॉंकी २००० चा शेवटही असाच. २००६ मध्ये तीन कोटी डॉलरची तडजोड. (हाच गृहस्थ पुढे माउंट गॉक्स हे बिटकॉइनचं पहिलं मोठं एक्स्चेंज सुरू करतो, मग रिपल आणि स्टेलर. जुन्या जाळ्यांची माणसं पैशाच्या नव्या जाळ्यांत सारखी भेटतात.) पण २००२ मध्ये जर्मनीतल्या एका प्रोग्रामरने त्याच जाळ्यासाठी ईम्यूल नावाचा मुक्त प्रोग्राम सुरू केला होता. ईम्यूल मेलं नाही. का, ते सांगायला थोडं गणित लागेल. घाबरू नका.

२००२ मध्येच न्यूयॉर्क विद्यापीठातल्या पेतर मायमुनकोव्ह आणि डेव्हिड मॅझिएर यांनी कॅडेम्लिया नावाची पद्धत मांडली. जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला एक लांबलचक आकडा द्यायचा. प्रत्येक फाइलीलाही तसाच आकडा. दोन आकड्यांमधलं 'अंतर' मोजायचं एक सूत्र ठरवायचं, आणि फाइलीचा पत्ता तिच्या आकड्याच्या सगळ्यात जवळच्या यंत्रांकडे ठेवायचा. शोधताना मी माझ्या ओळखीतल्या त्यातल्या त्यात जवळच्याला विचारतो. तो त्याच्याहून जवळचा सांगतो. दर पायरीला उरलेलं अंतर साधारण निम्मं होतं. दहा लाख यंत्रं असली तरी वीसेक पायऱ्यांत उत्तर. गावभर बोंब मारायची गरज नाही आणि पंचायतही नको.

ईम्यूलने ही पद्धत 'कॅड' नावाने उचलली. फेब्रुवारी २००६ मध्ये बेल्जियममध्ये धाड पडली आणि रेझरबॅक हा ईडॉंकीचा सगळ्यात मोठा सर्व्हर गेला. कॅडला फरक पडला नाही, कारण जप्त करायला काही नव्हतंच. मी घरच्या जुन्या पीसीवर ईम्यूल टाकलं. काही मिनिटांत कॅडला जोडलं गेलं. वीसेक वर्षं ते जाळं श्वास घेतंय.

आणि गंमत म्हणजे कॅडेम्लिया ईम्यूलपुरतं राहिलं नाही. बिटटोरंटने २००५ मध्ये ते घेतलं. पुढे आयपीएफएसने घेतलं. इथेरियमची यंत्रं एकमेकांना शोधतात तीही याच कल्पनेने. इंटरव्ह्यूला बसताना मी हे 'डिस्ट्रिब्युटेड हॅश टेबल' म्हणून पाठ केलं होतं. ते गाणी शोधायच्या खटपटीत मोठं झालं, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही.

कानेको

या सगळ्या शोधात एकच गोष्ट अशी होती की ती वाचून मी लॅपटॉप मिटला.

इसामु कानेको हा जपानी प्रोग्रामर. २००२ मध्ये त्याने विनी नावाचं नेटवर्क लिहिलं. त्याआधी विनएमएक्स नावाचं एक होतं. इंग्रजीत एमच्या पुढे एन आणि एक्सच्या पुढे वाय, म्हणून विनी. कुणाकडून काय आलं ते कळू नये अशी त्याची रचना होती. मे २००४ मध्ये पोलिसांनी त्याला अटक केली, तेव्हा तो टोकियो विद्यापीठात शिकवत होता. आरोप फाइली वाटल्याचा नव्हता. इतरांनी चोरी केली, त्यांना मदत होईल असा प्रोग्राम लिहिल्याचा होता.

खटला चालू असताना तो विनीला हात लावू शकत नव्हता. दरम्यान विनीमार्फत पसरणाऱ्या व्हायरसांनी लोकांच्या कॉम्प्युटरवरची खाजगी कागदपत्रं जाळ्यावर सांडायला सुरुवात केली. त्यात पोलिसांची आणि संरक्षण दलांचीही होती. ज्याला ते भोक बुजवता आलं असतं तो आरोपीच्या पिंजऱ्यात. डिसेंबर २००६ मध्ये क्योटोच्या कोर्टाने त्याला १५ लाख येनचा दंड केला. २००९ मध्ये ओसाकाच्या उच्च न्यायालयाने निर्दोष सोडलं. सरकारी पक्ष वर गेला. डिसेंबर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुटका कायम केली. अटकेपासून साडेसात वर्षं. जुलै २०१३ मध्ये हृदयविकाराने तो गेला. वय ४२.

मी रोज कोड लिहितो. तो कोड कोण कशासाठी वापरेल याचा विचार करायला मला कुणी पैसे देत नाही. कानेकोचं वाचल्यावर पहिल्यांदा वाटलं, की हा विचार फुकट का होईना करायला हवा. आणि हेही वाटलं, की सुरी बनवणाऱ्याला आठ वर्षं खुनाच्या खटल्यात बसवून कुणाचं काही भलं झालं नाही.

देणाऱ्यालाच मिळेल

ब्रॅम कोहेनने जुलै २००१ मध्ये जाहीर केलेलं बिटटोरंट का टिकलं? त्याने माणसाच्या स्वभावाचा हिशोब आधीच करून ठेवला म्हणून. फाइलीचे तुकडे करायचे. ज्याच्याकडे जो तुकडा आला तो त्याने लगेच दुसऱ्यांना द्यायला लागायचं. जो देतो त्याला इतर जण आधी देतात. आणि जो तुकडा सगळ्यात दुर्मिळ तो आधी उचलायचा, म्हणजे एखादा जण उठून गेला तरी तो तुकडा त्याच्यासोबत जात नाही. आमच्या हबच्या २० जीबीच्या नियमात जे होतं तेच, पण दर सेकंदाला मोजलेलं.

शिवाय बिटटोरंटची कायदेशीर कामंही होती आणि आहेत. लिनक्सच्या आवृत्त्या त्यावरून वाटल्या जातात. इंटरनेट अर्काइव्हने २०१२ मध्ये आपल्या लाखो गोष्टी टोरंटवर ठेवल्या. तुमच्या विंडोजच्या लॅपटॉपला शेजारच्या लॅपटॉपकडून अपडेट घेता येतं, त्यामागे हाच विचार. आणि स्पॉटिफाय? ते सुरुवातीची काही वर्षं कॉम्प्युटरवर चक्क पीअर-टू-पीअर चालायचं. म्यूटोरंट लिहिणारा लुडविग स्ट्रिगेउस तिथलाच इंजिनिअर. २०१४ मध्ये, सर्व्हर पुरेसे झाल्यावर, त्यांनी ते काढून टाकलं.

बिटटोरंटचं दुखणं वेगळं आहे. त्याला कुणी मारत नाही, लोक विसरतात. शेवटचा सीडर कॉम्प्युटर बंद करून झोपायला गेला की फाइल गेली. टोरंट उरतं, यादी उरते, आणि डाउनलोड ९७ टक्क्यांवर वर्षानुवर्षं लटकलेलं राहतं.

सोलसीकचं उलटं आहे. निर आर्बेल या नॅपस्टरच्या एका जुन्या प्रोग्रामरने ते केलं. मध्यवर्ती सर्व्हर, म्हणजे नॅपस्टरचंच डिझाइन, जे सगळ्यांच्या आधी मरायला हवं होतं. पण ते आजही चालू आहे. जाळं लहान, मंडळी संगीतवेडी, एकमेकांचं पूर्ण फोल्डर उघडून बघायची सोय आणि गप्पा मारायला खोल्या. मी शोधलं तेव्हा मराठी नाट्यसंगीताच्या कॅसेटवरून उतरवलेल्या काही फाइली मिळाल्या, घरघर आवाजासकट. देणारा कुठला ते कळलं नाही. आबा अर्थातच नव्हते.

दुसरी बाजू

आता कबुलीकडे येतो. १९९९ साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड केलेल्या संगीताची उलाढाल १,४६० कोटी डॉलर होती. २०१४ पर्यंत ती निम्म्याहून खाली आली. सगळं खापर फाइल शेअरिंगवर फोडता येणार नाही, कारण बाराशे रुपयांच्या सीडीऐवजी लोकांना एकच गाणं हवं होतं आणि कंपन्या ते देत नव्हत्या. पण आमचा वाटाच नव्हता असं म्हणणं लबाडी होईल.

माझा एक वर्गमित्र नोकरी सोडून मराठी सिनेमाच्या एडिटिंगमध्ये गेला. डीसीवर सगळ्यात जास्त सिनेमे त्यानेच बघितलेले. त्याने काम केलेला पहिला सिनेमा तिसऱ्या दिवशी एका मेसेजिंग ॲपवर फिरत होता. मला फोन करून म्हणाला, "डीसीवर मी सिनेमा बघायला शिकलो बे. आता कुणाला शिव्या देऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. एवढंच, की तिकीट काढायची ऐपत आल्यापासून मी तिकीट काढतो.

हबचं काय झालं

आमचा हब पोलिसांनी बंद केला नाही, कोर्टाने नाही, कॉलेजनेही नाही. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. सिमसाठी रांगा लागल्या. डेटा फुकट. ज्याला जे बघायचं ते त्याच्या फोनवर, कुणाला काही न देता. दिवाळीनंतर हबवर चारशेचे सव्वाशे झाले. हब चालवणारा सीनियर २०१७ मध्ये पास होऊन गेला, जाताना त्याने 'कुणी घेतं का?' असं विचारलं. कुणी घेतला नाही. मीही नाही.

तुम्ही हे फोनवर वाचत असाल. तुमचा फोन आमच्या तेव्हाच्या लॅपटॉपांपेक्षा दणकट आहे. पण तो हब होऊ शकत नाही. त्याला जाळ्यात स्वतःचा पक्का पत्ता बहुधा नसतो, बॅटरी वाचवायला तो मागची ॲप्स झोपवतो, आणि मुळात त्याची रचनाच घेण्यासाठी आहे. खटल्यांनी जे वीस वर्षांत जमलं नाही ते सोयीने दोन वर्षांत केलं. आम्हाला ते फार सुखाचंही वाटलं.

म्हैसवाली भजनं

या शोधाच्या नादात एक दिवस जुने ईमेल चाळताना माझीच २०१६ ची डीसीची फाइललिस्ट सापडली. लॅपटॉप फॉरमॅट करण्याआधी मी ती स्वतःला पाठवून ठेवली होती. त्यात आबांच्या चौदा फाइलींची नावं, आकार, आणि प्रत्येकीपुढे टीटीएच. टीटीएच म्हणजे फाइलीच्या आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा. नाव बदललं तरी ठसा तोच राहतो. आत एक बिट जरी इकडचं तिकडे झालं तरी ठसा बदलतो.

बॅचच्या ग्रुपवर लिहिलं, कुणाकडे जुन्या डीसीचा माल आहे का. दोन दिवस नुसत्या हसण्याच्या इमोजी. तिसऱ्या दिवशी नांदेडच्या किरणचा फोन.

"ती म्हैसवाली भजनं का बे? हायेत ना."

"तुझ्याकडे कशी?"

"अरे मला कोट्यात पाच जीबी कमी पडत होते. तुझं फोल्डर दिसलं, ओढलं. ऐकलं नव्हतं तेव्हा. मग एकदा ऐकलं."

पाच जीबी भरले आणि त्याने डाउनलोड थांबवलं. म्हणून त्याच्याकडे चौदापैकी नऊच आहेत. उरलेल्या पाच कॅसेट कायमच्या गेल्या. त्यात एका कार्तिकी एकादशीची अख्खी रात्र होती.

किरणने बाहेरची हार्ड डिस्क कुरिअरने पाठवली. मी नऊ फाइलींचे ठसे काढले आणि यादीशी ताडून पाहिले. आठ जुळले. नववा जुळला नाही. डिस्क कुठेतरी खराब झाली होती. ती फाइल लावली. सदतिसाव्या मिनिटाला एक खरखर येते, दोनतीन सेकंद काही नाही, आणि मग आबा पुढच्या ओळीवर असतात.

काकांना फोनवर ऐकवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पखवाजावर नाना आहेत. त्यांच्या पोराला पाठव." पाठवली. मंडळातल्या बाकीच्यांच्या घरीही विचारलं, हे सगळ्यांसाठी उघडं ठेवलं तर चालेल का. कुणाची हरकत नव्हती. एका आजींनी फक्त विचारलं, "त्याचे पैसे पडतात का?"

आता त्या नऊ फाइली इंटरनेट अर्काइव्हवर आहेत, आणि घरचा जुना पीसी त्यांचं टोरंट रात्रंदिवस सीड करतो. जुन्या जाळ्यांच्या इतिहासातून मी एवढंच शिकलोय. आपण जपून ठेवलेली प्रत जाते, दिलेली कधीकधी परत येते. तुमच्या कपाटात एखादी जुनी हार्ड डिस्क पडली असेल तर लावून बघा. कुणाचं तरी काहीतरी तुमच्याकडे राहिलं असेल.

टोरंटच्या पानावर सीडर्सचा आकडा असतो. बरेच दिवस तो दोन होता, मी आणि किरण. गेल्या आठवड्यात नानांच्या मुलाने फोन करून विचारलं, "ते सीड का काय ते, आमच्या कॉम्प्युटरवर कसं करायचं?"